मावशीच्या घरचं नोंदणीकृत कार्यालय

कंपनी काढा म्हणून सांगायला सगळे येतात. मंडप टाकतात, बायांना पुढच्या रांगेत बसवतात, हारतुरे होतात, प्रमाणपत्र हातात देऊन फोटो निघतो आणि गाड्या धूळ उडवत परत जातात. कंपनी काढल्यावर काय करायचं हे सांगायला मात्र कोणी थांबत नाही. थाटात बारसं करायचं आणि बाळाला पाळण्यात टाकून सगळ्यांनी जेवून आपापल्या घरी जायचं, असा हा प्रकार. मला त्याचा राग होता. आजही आहे.

म्हणून मी पत्रक लिहिलं. पिवळा कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, वर मथळा: ‘कंपनी झाली. आता काय?’ आमच्या संघटनेतले मोठे लोक म्हणाले, यात एकही घोषणा नाही, हे वाचून कोण पेटणार? मी म्हटलं, पेटून झालंय, आता टिकायचं बघा. घोषणा विसरलात तर दुसरी सुचेल. मुदत विसरलात तर दंड बसेल.

पोळा नुकताच झाला होता. पत्रकांचा गठ्ठा पिशवीत घालून मी आमगावहून गाडीने गोंदियाला, तिथून एसटीने गोरेगावला आणि पुढे काळीपिवळी जीपमध्ये कोंबून त्या गावी गेले. गाव लहान, तलाव मोठा. उकडलेले शिंगाडे तुम्ही गोंदियाच्या रस्त्यावर खाल्ले असतील. ते पाण्यातून काढणाऱ्यांची बोटं पाहिली नसतील. काटे रुततात, सोलून सोलून नखांच्या कडा काळ्या पडतात, आणि तो रंग उन्हाळ्यापर्यंत जात नाही. व्यापारी तलावाच्या पाळीवरच, म्हणजे बांधावर, गाडी उभी करतो, कच्चा माल तो म्हणेल त्या दराने उचलतो. पुढे तोच शिंगाडा वाळून, दळून, पुड्यात बसून उपासाला आपल्याच घरी येतो. इथल्या बायांनी ठरवलं, वाळवू आम्ही, दळू आम्ही, पुड्यावर नाव आमचं. त्या उन्हाळ्यात त्यांची कंपनी नोंदली गेली. मंडप, हार, फोटो, सगळं झालं. मग दोन-तीन महिने कोणी फिरकलं नव्हतं.

ज्या घराचा पत्ता कंपनीला दिला होता, ते मावशीचं. मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हे, सगळं गावच तिला मावशी म्हणतं. साठीला आलेली, बुटकी, हसताना तोंडावर पदर धरणारी. तलावाकडून गावात शिरलं की पहिलं घर तिचं. समोर मोठी खोली, पुढे शिंगाडा वाळवायला ऐसपैस अंगण. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची. संचालक मंडळात तीही होती.

त्या दिवशी बाया तिच्याच ओसरीवर जमल्या आणि मी पत्रक वाचायला घेतलं.

“संचालकांची पहिली बैठक महिन्याच्या आत.”

“आमची तं दर आठवड्याले होते,” अध्यक्ष म्हणाली. ही बौद्ध मोहल्ल्यातली, चाळिशीची, आवाज असा की माईक लाजावा. बचत गट तिनेच उभा केलेला. “पुढं वाच.”

“बैठकीचं इतिवृत्त लिहायचं. वहीच्या पानांवर आधीच आकडे टाकायचे. पान फाडायचं नाही.”

“तेलाचे डाग असतीन. फाटलेलं पान दाखव अन् चाय पी.”

“ऑडिटर नेमायचा. पहिला संचालकांनीच नेमायचा असतो.”

“तो का करते?”

“तुमचे हिशेब बरोबर आहेत का ते पाहतो.”

“अन् त्याचे कोन पाहते?”

बाया इतक्या हसल्या की मलाही हसावं लागलं. हा प्रश्न माझ्या पत्रकात नव्हता. पुढच्या छपाईत घालावा म्हणून मी तो लिहून घेतला.

मग मी क्रम सांगितला, कारण सगळी मेख क्रमातच असते. आधी बँकेत कंपनीच्या नावाचं खातं. गटाचं खातं चालणार नाही. ज्यांनी नोंदणीच्या वेळी कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, घेतलेत त्यांनी आपापल्या भागाची रक्कम त्या खात्यात भरायची. ती भरल्याचा पुरावा जोडून सरकारला जाहीर करायचं की आम्ही आता धंदा सुरू करतो. ते जाहीर करेपर्यंत कंपनीने एक पुडासुद्धा विकायचा नाही. मग प्रत्येकीला तिच्या भागाचं प्रमाणपत्र द्यायचं. पिठासाठी अन्न परवाना वेगळा. आणि या सगळ्याच्या आधी, नोंदणीकृत कार्यालय. ते कुठं आहे ते पुराव्यासकट कळवायचं, घरमालकाचं संमतिपत्र जोडायचं, बाहेर कंपनीच्या नावाचा बोर्ड लावायचा, मराठीतही, वाचता येईल असा.

“आणि कार्यालय असं पाहिजे की आलेलं पत्र, आलेली नोटीस तिथं कधीही घेता आली पाहिजे,” मी म्हटलं.

मावशी कोपऱ्यात सुपारी कातरत होती. तिने हात थांबवला. “कधीबी म्हंजे?”

“कधीही म्हणजे कधीही. गेले आणि कुलूप दिसलं, असं नको.”

“हे कायद्यात लिवलं हाये?”

“लिहिलंय.”

तिने मान डोलावली आणि पत्रकाची घडी घालून कमरेला खोचली. वाचता तिला बेताचंच यायचं.

निघताना अध्यक्ष मला काळीपिवळीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, “पत्ता तं मावशीच्या घरचा देल्ला. पन पोरगा तिले न्याले पाहून राहिला गोंदियाले. दिवाळी झाली का घराले कुलूप.”

“मग पत्ता तिचा कशाला दिला?”

“तिनंच पुढं केला. आमाले वाटलं, जात नसन.” थोडं चालून ती म्हणाली, “तिले जायचं नाही, बाई. पन ते पोराले सांगनं तिच्यानं होत नाही.”

पोरगा दुचाकीच्या शोरूममध्ये कामाला होता. सून एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसायची. बाळ वर्षाचं होत आलं होतं आणि ते सांभाळायला कोणी नव्हतं. पोरगा वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या पत्रकांत समोरचा माणूस नेहमी वाईट असतो.

पितृपक्षात कंपनीची कागदपत्रं बघणाऱ्या गोंदियाच्या सीएंचा फोन आला. ते माझ्याशी कायम हिंदीत बोलतात आणि मी कायम मराठीत उत्तर देते. आमचं छान जमतं.

“मैडम, बैंकवाला गया था. वहाँ कोई बोर्ड नहीं है. लिख दिया कि कार्यालय नहीं मिला.”

“बोर्ड आहे. मी स्वतः पेंटरकडून करवून दिलाय.”

“तो फिर उड़ गया होगा.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गाव गाठलं. मावशी पायरीवर बसली होती. भिंतीवर खिळा होता. बोर्ड नव्हता.

“मावशी, बोर्ड?”

“आज मधल्या गल्लीत हाये,” ती म्हणाली, जसं कुणी सांगावं, गाय आज त्या रानात गेलीय.

मी मधल्या गल्लीत गेले. एका घराच्या दारावर, वाळत घातलेल्या लुगड्याच्या शेजारी, आमचा पत्र्याचा बोर्ड सुतळीने बांधून लटकत होता. निळ्यावर पांढरी अक्षरं, शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’. खाली पत्ता मावशीच्या घराचा. आत बैठक रंगलेली. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारची शेळी दावं ताणून दूर सरकली.

“हा बोर्ड इथं का आला?”

“बैठक इथं हाये म्हनून,” अध्यक्ष म्हणाली.

“बैठक कुठंही घ्या. बोर्ड का फिरवता?”

“गटाची सतरंजी फिरत नाही का?”

मग कळलं. गट सुरू झाल्यापासून त्यांची रीत अशी: दर आठवड्याला बैठक वेगळ्या घरी. ज्या घरी बैठक, त्या घरी सतरंजी, पेटी आणि हजेरीची वही जायची. चहा जिच्या तिच्या वाट्याला पाळीने यायचा. एकीचं घर मोठं म्हणून तिचा शब्द मोठा, असं होऊ नये म्हणून ही पाळी. तिच्या जोरावर गट तेरा घरांत तुटला नाही. आता सतरंजीसोबत बोर्डही जात होता आणि दोन दिवसांनी मावशीकडे परत येत होता. बँकेचा माणूस आला त्या दिवशी बोर्ड तलावाच्या पलीकडे, पार दुसऱ्या टोकाच्या घरी होता. मावशीने त्याला पाणी दिलं, बोर्ड परवा परत येईल असंही सांगितलं. तो हसला आणि गेला.

“अहो, नोंदणीकृत कार्यालय म्हणजे सतरंजी नाही!” मी ओरडले. “ते एका जागी राहतं. जागा बदलायची तर ठराव करा, सरकारला कळवा. दर आठवड्याला कळवणार?”

“एकीच्याच घरी राहिला तं कंपनी तिचीच म्हनतीन ना लोक,” एक तरुण बाई म्हणाली. तिच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं, म्हणून ती हळू बोलली. हळू बोललेलं नेहमी जास्त लागतं.

“कंपनी कुणाची ते भाग प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. भिंतीवर नाही.”

“प्रमानपत्र ट्रंकेत राहते. भिंत गावाले दिसते.”

मी खाली बसले. कुणीतरी चहा दिला. खातं उघडत नाही, म्हणून भागाची रक्कम भरता येत नाही, म्हणून धंदा सुरू केल्याचं जाहीर करता येत नाही, आणि दसऱ्यानंतर शिंगाडा निघायला लागेल तेव्हा तो पुन्हा व्यापाऱ्याच्या गाडीत जाईल, हे मी परत एकदा सांगितलं, या वेळी न ओरडता. मग अध्यक्ष म्हणाली, “बरं. एका जागी ठेवू. कोनाच्या घरी?”

कोणीही ‘माझ्या’ म्हणेना. माझ्या घरी नको, सासरा कटकट्या आहे. माझ्या घरी नको, दार खाली आहे, गाय बोर्ड चाटेल. एक म्हणाली, माझ्या घरी ठेवला तर माझी जाऊ गावभर सांगेल की मी सेठाणी झाली. सगळ्या हसत होत्या, पण बोर्डाकडे कोणी पाहत नव्हतं.

मावशी दाराशी उभी होती. माझ्या मागून ती कधी आली होती ते मला कळलंच नव्हतं.

“पत्ता माह्या घरचा हाये,” ती म्हणाली. “माह्याच घरी राहू द्या. चाय मात्र पाळीनंच.”

बोर्ड घेऊन आम्ही दोघी तिच्या घरी परत आलो. पत्रा तिने डोक्यावर धरला होता, ऊन होतं म्हणून. खिळ्याला लावून झाल्यावर ती चार पावलं मागे जाऊन पाहत उभी राहिली.

“हा असला का येनारा-जानारा थांबते,” ती म्हणाली. “वाचते. मी आतून ऐकतो. बोर्ड दुसरीकडं गेला का कोनी थांबत नाही.”

मग तिने मला आत बसवलं, फुटाणे दिले, आणि कमरेचं पत्रक काढून माझ्या हातात दिलं. घामाने घड्या मऊ झाल्या होत्या.

“येत्या इतवारी पोरगा येऊन राहिला. तू ये. अन् त्याले सांग, का कायद्यानं मी हलू शकत नाही.”

“म्हणजे?”

“तूच म्हनली ना, कुलूप नाही दिसलं पाहिजे म्हनून. मंग कोनीतरी राहाले पाहिजे ना घरी? मी राहतो. तू सांग. तू शिकेल हायेस, तुह्यं ऐकन तो.”

रविवारी मला तसंही जायचं होतं. संमतिपत्रावर पोराची सही लागणार होती. घर अजून मावशीच्या नवऱ्याच्या नावावर होतं, विजेचं बिलही. मालक हयात नाही म्हटल्यावर वारस कोण, तर मावशी आणि तिचा पोरगा. सीएंनी सांगितलं होतं, दोघांच्या सह्या घ्या.

सगळ्या वाटेवर मी स्वतःशी भांडत होते. एक वाक्य बोलायचं होतं. कायद्याने त्यांना इथं राहावं लागतं. पोरगा कायद्याशी भांडला नसता. आईशी भांडावं लागलं नसतं, आईला पोराशी भांडावं लागलं नसतं. सगळ्यांची सोय. पण मी गावोगाव हेच सांगत फिरते की तुम्हाला कायद्याच्या नावाने जे सांगितलं जातं ते आधी वाचून बघा. तलाठी सांगेल, सचिव सांगेल, व्यापारी सांगेल, आधी वाचा. आणि आता माझ्याच तोंडून कायद्यात नसलेलं कलम?

पोरगा मोटरसायकलवर आला होता. शोरूमचा टी-शर्ट, हातात बाळाच्या बिस्किटांचा रिकामा डबा, मावशीने घरचं शिंगाड्याचं पीठ भरून द्यावं म्हणून आणलेला. बोर्डासमोर त्याने गाडी लावली, बोर्ड पूर्ण वाचला आणि आत आला. मी कागद पुढे ठेवले. त्याने विजेचं बिल उचललं.

“अजून बाबाच्याच नावानं येते?”

“येऊ दे,” मावशी म्हणाली. “त्यांच्या नावानं महिन्याले एक काहीतरी येते तं.”

त्याने बिल घडी करून खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळला. “ताई, मी सही करतो. मले काही प्रॉब्लेम नाही. पण दिवाळीनंतर आई माझ्याकडे राहाले येणार हाये. घर बंद राहील. मग तुमचं ऑफिस कसं?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात डबा होता आणि झाकण ती लावत होती, काढत होती.

“ऑफिस चालेल,” मी म्हटलं. “पत्र घ्यायला कोणीतरी लागतं. ते कोणीही असू शकतं. बोर्ड इथं राहिला पाहिजे. मावशींनी इथंच राहिलं पाहिजे असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही.”

झाकणाचा आवाज थांबला.

मला वाटलं, मावशी माझ्याशी आता कधी बोलणार नाही. बाहेर कोंबडी उगाच ओरडत होती. पोराने खिशातून पेन काढलं.

“थांब,” मावशी म्हणाली.

तो थांबला.

“कायदा राहू दे. मीच सांगतो.” तिने पदर तोंडावर घेतला, मग सोडून दिला. “मले नाही यायचं.”

“कुठं?”

“तुह्या इकडे. राहाले. मले नाही यायचं.”

“आई, काऊन पण? तिथं काय त्रास हाये? तिनं काही म्हटलं का?”

“काही नाही म्हनली. चांगली हाये बिचारी. टीव्ही लावून देते, उशी देते, मले उठू देत नाही. मी बसून राहतो. गॅलरीतून दुसऱ्याचे कपडे दिसते. दिवसभरात मले कोनी काही इचारत नाही. इथं सकाळपासून चार जनी येते. मावशी, शिंगाडा किती उकडू? मावशी, ऊन पुरन का आज? तुह्ये बाबा गेले तईपासून मी याच्यावरच हावो. मी तिथं आली तं तुमचं बाळ सांभाळीन, हौसेनं सांभाळीन. पन मी राहनार नाही त्याच्यात.”

पोरगा खाली पाहून पेनचं टोपण चावत होता. मोठा माणूस, पण ते टोपण चावणं शाळेतल्या मुलासारखं.

“दोन वर्षं झाले मी तुले ‘चल’ म्हणून राहिलो,” तो म्हणाला. “दर वेळी तू म्हणते, येतो, पुढच्या महिन्यात. आधी काऊन नाही सांगितलं?”

“तुले वाईट वाटन म्हनून.”

“मग आता नाही वाटत का?”

“वाटते,” मावशी म्हणाली. “दिसून राहिलं मले.”

मी उठून बाहेर जायला हवं होतं. मी तिथंच बसून राहिले. तो म्हणाला, “आणि आमचं काय? तिनं नोकरी सोडायची का?” प्रश्न रास्त होता. मावशीने डबा भरायला घेतला. बाईला दुसऱ्या बाईच्या पाठीवर पाय देऊनच घराबाहेर पडावं लागतं, यावर मी भाषण देऊ शकते, पत्रकाच्या दोन्ही बाजू छापू शकते. त्या खोलीत ते सुचलं नाही, आणि बरंच झालं.

त्याने सही केली. मावशीनेही केली, एकेक अक्षर दाबून, मग कागद फुंकला, जसा काही शाईत टाक बुडवला होता. डबा त्याच्या पिशवीत गेला. जेवायला थांब म्हटलं तर तो म्हणाला, शोरूमला जायचं आहे. रविवारी.

त्याची गाडी तलावाच्या पाळीवरून वळेपर्यंत मावशी दारात उभी होती. मला वाटलं, ती माझ्यावर चिडेल. मी आधीच म्हटलं, “मावशी, मी खोटं नाही बोलू शकले.”

“नाही बोलली ते बरं केलं,” ती म्हणाली. “तू बोलली असती तं मी तुह्या मागं लपली असती.” आणि मग, चुलीपाशी बसल्यावर: “जेवून नाही गेला.” ते दोन-तीनदा म्हणाली.

त्याच्या वाट्याचंही आम्ही दोघीच जेवलो.

त्यानंतरची कामं भराभर झाली. कार्यालयाचा फोटो पाठवायचा असतो, बाहेरून एक, आतून एक, संचालक दिसले पाहिजेत. फोटोसाठी मावशीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि इतकी ताठ उभी राहिली की अध्यक्ष ओरडली, “मावशी, श्वास घे! कायदा त्याले मना नाही करत!” बँकेचा माणूस पुन्हा आला, बोर्ड जागेवर सापडला, खातं उघडलं. बायांनी भागाच्या रकमा भरल्या, ऑडिटर नेमला, धंदा सुरू केल्याचं कळवलं. सीए म्हणाले, “मैडम, अब आपकी कंपनी सच में कंपनी है.” त्या आठवड्याची बैठक शेवटच्या गल्लीत झाली. सतरंजी गेली, पेटी गेली. बोर्ड नाही गेला.

पोराचा मात्र फोन येईना. मावशी करायची, तो उचलायचा, हो-नाही म्हणायचा, कामात आहे म्हणायचा. सुनेनेच एकदा सांगितलं की बाळ आता शेजारच्या बाईकडे ठेवते आणि संध्याकाळी घ्यायला जाते तेव्हा ते रडून दमलेलं असतं. मावशीने ते मला ऐकवलं. ऐकवताना ती शिंगाडे सोलत होती आणि तिचे हात नेहमीपेक्षा हळू चालत होते. तिला हवं ते मिळालं होतं. ते असं दुखेल हे तिला आधीपासून माहीत असणार, म्हणूनच दोन वर्षं तिने तोंड उघडलं नव्हतं. मला ते नव्याने कळत होतं.

दिवाळीच्या आधी मी गोरेगावच्या बाजारात होते. एसटी स्टँडवर मावशी दिसली. नायलॉनची पिशवी, काखेत बोचकं.

“गोंदियाले चालली,” ती म्हणाली. “मी फोन केला त्याले. म्हटलं, येऊन राहिलो. इचारलं नाही.”

“आणि घर?”

“अध्यक्षाले सांगतलं. ती बसते ओसरीवर. पत्र आलं तं घेते, सही देते. तूच म्हनली होती ना, कोनीबी चालते.”

मलाही गोंदियालाच जायचं होतं. गाडीत ती खिडकीशी बसली. सगळ्या वाटेने तिने धानाच्या बांधांकडे पाहिलं आणि एकदाच बोलली, “स्टँडवर येनार नाही तो. मी ऑटो करतो.”

तो आला होता. फलाटाच्या खांबाला टेकून उभा, खांद्यावर बाळ, बाळाच्या तोंडात त्याच्या शर्टाची कॉलर. मावशी उतरली. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. बाळाने आजीकडे पाहिलं, ओळखलं की नाही देव जाणे, पण हात पुढे केला. तिने बोचकं माझ्याकडे दिलं आणि त्याला घेतलं.

पोराने पिशवी उचलली. “किती दिवस?” त्याने विचारलं.

“तू म्हनशील तितके.”

“नाही,” तो म्हणाला. “तू सांग.”

मी बोचकं धरून बाजूला झाले आणि भिंतीवरचं एसटीचं वेळापत्रक वाचायला लागले. बाळाने तिच्या पदराचा काठ तोंडात घातला होता, तो तिने काढला, त्याचे ओठ पुसले.

“भाऊबीजेपर्यंत राहतो,” ती म्हणाली. “मंग मले सोडून देजो. अन् सोडाले येशील तं याले घेऊन, तिलेबी घेऊन ये. जेवून जाजा.”

“बरं,” तो म्हणाला.